हेमराज आणि रिकामी शीट

सूर्यमाळहून मोखाड्याला जीप नेणाऱ्या हेमराजला जगातली एकच गोष्ट बघवत नाही, ती म्हणजे रिकामी शीट. आत माणसांवर माणसं बसलेली असोत, मागच्या फळीवर दोघं लटकलेले असोत, टपावर नाचणीची पोती आणि कोंबड्यांची पाटी असो, हा गडी स्टिअरिंगवर हात ठेवून आरशातून मागं बघत राहतो आणि म्हणतो, "अजून एक मावंल." आतली माणसं शिव्या घालतात, कोणाचं पोर रडतं, कोणाची तालुक्याची वेळ टळते. हेमराज ढिम्म. आणि खरोखरच वळणावरून कोणीतरी धापा टाकत येतं, मावतं, मग गाडी सुटते. इतक्या वर्षांत त्यानं कोणाला रस्त्यावर सोडून गाडी पुढं काढलेली नाही, हे मात्र त्याला शिव्या घालणारेही कबूल करतात.

अशा माणसाच्या घरात कॉम्प्युटर कशाला, तर पोरीसाठी. प्रगती बारावीला असताना ठाण्यातल्या एका ऑफिसानं काढून टाकलेला कॉम्प्युटर त्यानं विकत घेतला आणि जीपच्या टपावर गोधडीत बांधून आणला. प्रगती शिकली, नर्सिंगला नाशिकला गेली, तिथंच नोकरीला लागली. कॉम्प्युटर खिडकीशेजारी राहिला. सूर्यमाळला विजेचा भरवसा नाही, म्हणून हेमराजनं त्याला जीपची जुनी बॅटरी आणि इन्व्हर्टर जोडून दिला. "पोरगी गेली, आता या डब्याला इकून टाक," असं रंजना, म्हणजे त्याची बायको, कितीदा तरी म्हणाली. पण तोवर त्या डब्याला दुसरंच काम लागलं होतं.

काम असं. दिवाळी झाली की इथली निम्मी माणसं वसई, भिवंडी, ठाण्याकडं कामाला जातात. फोन सगळ्यांकडं आहेत, पण ते लहान पोटाचे. एका हळदीतच भरून जातात. मग जीपमध्ये बसल्या बसल्या कोणीतरी म्हणतं, "हेमराज, फोन भरला रं." हेमराज म्हणतो, "माझ्याकडं उतरव." संध्याकाळी माणूस घरी येतो, केबल लागते, आणि लग्नं, बारशी, घर शाकारताना काढलेले फोटो, मेलेल्या बैलाचा शेवटचा फोटो, सगळं कॉम्प्युटरमध्ये उतरतं. फोन रिकामा होऊन परत वसईला जातो. प्रत्येक घराच्या नावाचा फोल्डर हेमराजनं केला आहे. हे काम तो फुकट करतो. येणाऱ्याला चहा मात्र रंजनाला करावा लागतो, आणि त्यावरून ती रोज एकदा तरी बोलते.

त्या फोल्डरांत एक गोमाचा. गोमा शेजारच्या पाड्यावरचा मजूर, अंगानं काटकुळा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण वर्षातून एकदा, बोहाड्यात, हाच गोमा त्राटिका राक्षसीण व्हायचा. होळीनंतर या भागात गावोगाव बोहाडा होतो. मुखवटे चढवून देवदानवांची सोंगं नाचवत नेतात, पुढं संबळ आणि सनई वाजते. कोणतं सोंग कोणत्या घराचं ते ठरलेलं असतं, आणि त्राटिका गोमाच्या घरची. मुखवटा चढला की तो काटकुळा माणूस असा काही चालायचा की पोरं आयांच्या पदराआड शिरायची. मागच्या श्रावणात गोमा तापानं गेला. त्याचा मुलगा सुदेश वसईला कारखान्यात असतो. बाप दरवर्षी म्हणायचा, "येत्या सालाला चाल शिकवतो," आणि मुलगा दरवर्षी "बरं" म्हणायचा. दोघांनाही वाटायचं, घाई कसली.

होळी झाली तसा ढवळू गोमाच्या दारात येऊन उभा राहिला. ढवळू हा गावचा संबळवाला आणि पंचांमधला वडीलधारा. गोमाच्या बायकोला, सखीला, तो म्हणाला, "पुढल्या रव्वारी पोऱ्याला चालवून बघू. जमलं तर सोंग तुझ्या घरात. नाय जमलं तर दुसऱ्या घराला द्यावं लागंल. आणि एकदा गेलेलं सोंग परत येत नाय, तुला म्हाईत हाय."

दुसऱ्या दिवशी सखी हेमराजच्या जीपमध्ये बसली ती मोखाडा आला तरी उतरेना. सगळ्या शिटा रिकाम्या झाल्या आणि ही कोपऱ्यात पिशवी मांडीवर घेऊन बसून.

"काकी, मोखाडा आला."

"मना मोखाड्यात काय काम? मना तुलाच इचारायचं हाय. तुझ्या डब्यात माझा माणूस हाय ना?"

"हाय की."

"सुदेश एका रव्वारपुरता येल. तवा त्याला बापाची चाल दाखवशील? मागच्या वख्ताला तू दाखवलीस तवा सारखी अडकत व्हती. दोन पावलं चालला का उभा. तसं नको दाखवू. तसं बघून त्याला काय कळंल?"

"नाय अडकणार, काकी. मी करतो कायतरी," असं हेमराज म्हणाला खरा. पण कॉम्प्युटर अलीकडं फारच थकला होता. चालू करून रंजना भाकरी करायला बसायची, आणि शेवटची भाकरी तव्यावरून उतरली तरी पडद्यावर गोल चक्र फिरतच असायचं. आतून टक टक असा आवाजही यायला लागला होता. गोमाचं घर एका व्हिडिओवर अडलं होतं आणि तो व्हिडिओ हेमराजच्या भरवशावर होता. घाटात ब्रेक लागला नाही तर जसं होतं तसं त्याला झालं.

सोमवारी त्यानं कॉम्प्युटर उचलला आणि जीपमध्ये पुढच्या शिटेवर ठेवला. जव्हारला रोहिदासचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, तिथं न्यायला. हेमराजनं शीट अडवून ठेवली, हे बघून मागं बसलेल्यांना काय चेव चढला! "त्याला मांडीवर घे ना हेमराज, माझी म्हातारी बसंल तठं." "डब्याचं तिकीट घेतलं का?" हेमराज गाडी चालवत राहिला, आणि मोखाड्यातून शिटा न भरताच जव्हारच्या रस्त्याला लागला.

रोहिदासनं झाकण उघडलं, कान लावला आणि म्हणाला, "दादा, ही हार्ड डिस्क आजची उद्या जाईल. आत तबकडी फिरते ना, ती दमली. आता एसएसडी टाका. तिच्यात फिरणारं काही नसतं."

हेमराजनं आपला फोन पुढं केला. त्यावर एक जाहिरात होती. भलीमोठी एसएसडी, जवळजवळ फुकट. रोहिदासला हसू आवरेना. "ही मागवली तर आत पेनड्राइव्ह चिकटवलेला निघतो. मागच्याच महिन्यात एक मास्तर घेऊन आले होते रडत. असला माल मी ठेवत नाही. हे बघा."

त्यानं दोन वस्तू काउंटरवर मांडल्या. एक चपटी डबी, पत्त्यांच्या जोडाएवढी. दुसरी नुसती पट्टी, च्युइंगगमची असते तेवढी. रोहिदास म्हणाला, "डबीवाली एक टीबीची. केबलवर चालते. पट्टीवाली पाचशे जीबीची, म्हणजे जागा निम्मी, पण ती सरळ बोर्डाच्या खाचेत बसते आणि डबीच्या पाच-सहा पट पळते. तुमच्या मशीनला दोन्ही लागतात. किंमत जवळपास सारखीच. एकीत जागा जास्त, एकीत पळ जास्त. बोला."

हेमराजनं डबी हातात घेतली, ठेवली. पट्टी हातात घेतली आणि ठेवलीच नाही.

"माझा माल किती हाय?"

रोहिदासनं जुनी डिस्क जोडून बघितली. "चारशेच्या थोडा वर."

"म्हंजे पाचशेत मावतो."

"मावतो. पण माझं ऐकाल तर डबी घ्या. तुम्ही व्हिडिओ साठवणार आणि बघणार. त्याला एवढी पळ लागतच नाही. तुमच्या डिस्कपुढं साधी एसएसडीसुद्धा विमान आहे. पट्टी घेऊन तुम्हाला फरक दिसणार नाही, जागा मात्र कमी पडेल."

सल्ला सरळ होता आणि देणाऱ्याचा त्यात काडीचा फायदा नव्हता. पण हेमराजच्या डोक्यात तो शिरेना. चारशेचा माल एक टीबीत टाकायचा, म्हणजे निम्म्याहून जास्त गाडी रिकामी पळवायची. हे जिवाला पटणारं नव्हतंच. त्यात पट्टीवाली पळणारी, आणि कोणता जीपवाला घाटात दुसऱ्याच्या मागं राहायला राजी असतो? वेग आणि भरलेली गाडी दोन्ही एकाच पट्टीत मिळत होतं. त्यानं पट्टी रोहिदासच्या हातात दिली. "हीच बसव."

दुपारपर्यंत विंडोज टाकून झालं, जुन्या डिस्कवरचं सगळं पट्टीवर आलं. हेमराजनं पडद्यावर बघितलं आणि भुवया चढवल्या. "पाचशे म्हणालास. इथं चारशे पासष्ट दाखवतंय."

"तसंच दाखवतं ते. कंपनी एका हिशोबानं मोजते, विंडोज दुसऱ्या."

"आमच्या गाडीचं उलटं हाय," हेमराज म्हणाला. "कागदावर कमी, आत जास्त."

जुनी डिस्क रोहिदासनं वर्तमानपत्रात गुंडाळून हातात दिली. "फेकू नका. पण हिच्या भरवशावरही राहू नका."

घरी आल्यावर रंजनानं कॉम्प्युटरच्या डब्याला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. बटण दाबलं आणि ती पीठ मळायला वळणार तोच पडदा उजळला. "अगो बाय," ती म्हणाली, "मी अजून परातीला हात नाय लावला!" त्या संध्याकाळी हेमराज घरात राजासारखा वावरत होता. गोमाचा व्हिडिओ त्यानं लावून बघितला. पाण्यासारखा चालला. सखीला त्यानं निरोप धाडला की काकी, काळजी सोड.

इथवर ठीक होतं. पण हेमराजचा डबा आता पळतो ही बातमी जीपमधूनच पसरली, आणि होळीला घरी आलेली, परत कामाला निघालेली माणसं फोन घेऊन दारात यायला लागली. कोणाची रंगपंचमी, कोणाच्या भाच्याचं लग्न. हेमराज कोणाला नाही म्हणेना. "अजून एक मावंल," तो म्हणायचा आणि केबल लावायचा. जागा दाखवणारी निळी पट्टी लाल झाली तेव्हा त्याला बरंच वाटलं. लाल म्हणजे गाडी भरली. आता सुटायला हरकत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी त्यानं बटण दाबलं आणि गोल चक्र फिरायला लागलं. फिरत राहिलं. रंजनाच्या भाकरी झाल्या, कालवण झालं. कसाबसा पडदा आला. गोमाचा व्हिडिओ लावला तर मुखवटा वळला आणि तसाच वळलेला राहिला. हेमराजनं माऊस आपटला, इन्व्हर्टर बघितला, बॅटरीच्या तारा घासून लावल्या. काही नाही. नवीकोरी एसएसडी जुन्या डिस्कहून वाईट वागायला लागली होती. रविवार परवावर आला होता.

शनिवारी सकाळी तो टेकाडावर चढला, कारण फोनला रेंज तिथंच येते, आणि त्यानं रोहिदासला लावला. फसवलंस म्हणून दोन शब्द आधी सुनावून घेतले. रोहिदासनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दादा, जागा किती शिल्लक आहे?"

"नाय शिल्लक. फुल भरली."

पलीकडून बराच वेळ नुसतं हसू ऐकू आलं. "अहो, ती जीप नाही! एसएसडीला हलायला थोडी जागा मोकळी लागते. ती माल सारखा इकडचा तिकडं करत असते. विंडोजलाही जागा लागते. तुम्ही उंबऱ्यापर्यंत भरलीत, ती बिचारी वळेल कुठं? थोडं काढून टाका, परत पळेल. आणि काढताना बघून काढा. जुन्या डिस्कवरून पुसलेलं कधी कधी परत मिळतं, हिच्यातून गेलं की गेलं."

"डबीवाली हाय का अजून?"

"संपली. मंगळवारी नाशिकहून येईल. तुमच्यासाठी ठेवतो. पट्टी राहू द्या विंडोजला, डबी लावा तुमच्या माणसांना. दोन्ही एकत्र चालतात."

हेमराज खाली आला तो तोंडात मारल्यासारखा. रंजना टँकरच्या पाण्याचे हंडे उतरवत होती. त्यानं तिला सगळं सांगितलं. तिला जराही नवल वाटलं नाही. "मंग बरोबर बोलला तो. खळ्यावर काठोकाठ भारे रचलं तर झोडायचं कठं?" असं म्हणून तिनं हंडा पिंपात उलटा केला. इतकी सोपी गोष्ट आपल्याला रिकाम्या शिटांच्या नादात कळली नाही, याचा हेमराजला राग आला आणि हसूही आलं.

पण काढायचं कोणाला? तो कॉम्प्युटरसमोर बसला आणि एकेक फोल्डर उघडून बंद करत राहिला. या घरच्या आजीचा तेवढा एकच फोटो. त्या घरच्या पोराचं बारसं, बाप तेव्हा भिवंडीला होता, त्यानं ते इथंच येऊन बघितलं. ज्याला इतकी वर्षं कोणा उतारूला वाटेत खाली उतरवता आलं नाही असा तो गाडीवाला. रंजना पदराला हात पुसत मागं येऊन उभी राहिली.

"गाडी जादा भरली का आधी कोण उतरतं?" तिनं विचारलं.

जीपवाल्यांचा हा रिवाजच आहे. चढाला गाडी ओढेना झाली की आधी ड्रायव्हरच्या घरचं माणूस उतरतं आणि पायी चालायला लागतं. लग्न होऊन आल्यापासून रंजना किती वेळा उतरली असेल, देव जाणे. पावसात, एकदा तर प्रगती पोटात असताना.

"आपलं काढ," ती म्हणाली. "जुन्या डिस्कीत हाय ना ते? मंग झालं. तठं बसू आपण."

त्यांचं लग्न, प्रगतीचे वाढदिवस, नर्सिंगचा पांढरा ड्रेस घालून तिनं काढलेला पहिला व्हिडिओ, सगळं त्यानं पुसलं. त्या वेळी त्याला बायकोबद्दल जे वाटलं ते तो तिला बोलला नाही, म्हणाला, "चहा टाक." चहा झाला, पण जागा अजून पुरेशी होईना. मग त्यानं बिघडलेले, हललेले, दोनदा आलेले व्हिडिओ काढायला घेतले. गोमाच्या फोल्डरात बोहाड्याचे दोन होते. एक मोखाड्याच्या स्टुडिओवाल्यानं काढलेला, स्वच्छ, मुखवटा कसा अगदी समोर. दुसरा सखीनं सुदेशच्या जुन्या फोनवर काढलेला. तिनं फोन हातात पहिल्यांदाच धरला होता, आणि तो खाली झुकलेला. सगळा व्हिडिओ म्हणजे नुसते पाय, धूळ आणि टेंभ्यांचा उजेड. सुदेशला चांगलाच दाखवू, असं म्हणून हेमराजनं पायांचा पुसला.

जागा दाखवणारी पट्टी परत निळी झाली. कॉम्प्युटर पळायला लागला. हेमराजचा जीव भांड्यात पडला.

रविवारी सुदेश आला. पंचविशीचा, बापासारखाच काटकुळा, पायात कारखान्याचे बूट. सखी त्याच्याबरोबर, आणि मागून ढवळू संबळ खांद्याला लावून. खिडकी अंगणात उघडते, म्हणून हेमराजनं कॉम्प्युटरचा पडदा खिडकीकडं फिरवला. सगळे अंगणात बसले. व्हिडिओ लागला आणि एकदाही अडकला नाही. त्राटिकेचा मुखवटा डोलत पुढं आला तसा सखीनं पदर तोंडाला लावला. हेमराजनं एवढ्यावरच स्वतःला शाबासकी देऊन टाकली.

सुदेशनं बूट काढले. दोनदा बघितलं, उठला, हात पसरले. हात बरोबर पडले. मान बरोबर हलली. पण पाय कुठं टाकायचे तेच त्याला कळेना. स्टुडिओवाल्याच्या व्हिडिओत मुखवटा होता, खांदे होते, लुगड्याचा घोळ होता. खाली गर्दीची डोकी. ढवळूनं चार वेळा संबळ वाजवलं आणि चार वेळा थांबवलं.

"वरून त्राटिका हाय," तो म्हणाला. "खालून कोणच नाय."

सुदेश मान खाली घालून उभा राहिला. सखीनं हेमराजकडं बघितलं. "मी काढला व्हता तो लाव ना. त्यात पायच पाय हायत."

हेमराजनं माऊस सोडला. "काकी," तो म्हणाला, "तो मी उतरवला."

"कठं उतरवला?"

तिनं इतक्या साधेपणानं विचारलं, जणू जीपमधून कोणाला उतरवलं तर त्याला जाऊन परत बसवता येतं. हेमराजला स्वतःची भयंकर लाज वाटली. इतक्या माणसांतून त्यानं नेमका तोच माणूस खाली ठेवला होता ज्याच्यासाठी गाडी काढली होती. तो उठला, पेटीतून वर्तमानपत्राची गुंडाळी काढली, कॉम्प्युटरचं झाकण उघडलं. आत जुन्या डिस्कची केबल लोंबतच होती. त्यानं डिस्क जोडली आणि बटण दाबलं.

टक. टक. टक.

रंजनानं चहाची किटली खाली ठेवली आणि ती तशीच उकिडवी बसली. बऱ्याच वेळानं डिस्क दिसली. फोल्डर उघडायला वेळ घेतला, गोमाचं नाव यायला वेळ घेतला. हेमराजनं व्हिडिओ धरून नव्या एसएसडीवर टाकला आणि हिरवी रेघ मुंगीच्या पावलानं सरकायला लागली. मध्येच थांबायची, आत टकटक व्हायची, परत सरकायची. हेमराज तिच्याकडं असा बघत होता की जणू चढावर गाडीला मागून हात लावून ढकलतोय. रेघ टोकाला पोचली. त्यानं श्वास सोडला तो सगळ्या अंगणाला ऐकू गेला.

व्हिडिओ लागला. धूळ, उजेड, आणि मध्ये गोमाचे अनवाणी पाय. अंगठ्याची फुटलेली नखं, भेगा पडलेल्या टाचा, पोटऱ्यांवर घुंगरू. सखी एकदम पुढं सरकली. "हाच," ती म्हणाली. "मुखवटा त् कोणालाबी चढतो. हे पाय त्याचं."

सुदेश खिडकीशी जाऊन उभा राहिला. व्हिडिओ चालू ठेवून त्यानं बापाच्या पायांशेजारी आपले पाय टाकले. दोन पुढं, एक मागं, टाच आपटून फेर. पोरगं हुशार. तीन वेळांत पाऊल बसलं. ढवळूनं संबळ घेतलं आणि सुदेश अंगणभर चालला. सरळ जाताना सगळं जुळायचं. फेर आला की संबळ मागं राहायचं आणि सुदेश पुढं निघून जायचा. परत केलं, परत तसंच.

"तुमचा हात अडकतोय, बाबा," सुदेश शेवटी म्हणाला.

"माझा?" ढवळू चिडला. "तुझ्या बापाच्या चालीवर मी जलमभर वाजवलं. माझा हात कवा अडकला नाय."

सुदेश परत खिडकीशी गेला. फेरावरचा तुकडा त्यानं हेमराजला पुन्हा लावायला सांगितला. मग अजून एकदा. मग बापाच्या पायावर बोट ठेवून म्हणाला, "हे बघा. दर फेराला डावा पाय मागून वढतात आबा. टेकवत नाहीत लगेच. हे राहिलं माझं."

"ते नको शिकू," सखी पटकन म्हणाली. "तो नाच नाय रं. भिवंडीला त्याच्या पायावर पहार पडली व्हती, तू तान्हा असताना. तवापासून वळताना तो पाय टेकवत नव्हता. दुखायचा त्याला. कोणाला सांगायचा नाय."

ढवळूनं संबळावर दोन्ही हात पालथे ठेवले. त्याला काहीतरी आठवत होतं किंवा तो मोजत होता. "तठं मी थांबतो," तो हळूच म्हणाला. "फेराला. माझा हात आपसूक थांबतो, तो पाय खाली टेकस्तोवर. मना वाटं, त्राटिकेची चालच तशी हाय."

पडद्यावर गोमाचा डावा पाय धुळीतून ओढत येत होता आणि संबळ त्याच्यासाठी थांबत होतं. हेमराजनं गोमाची त्राटिका किती वेळा बघितली होती, पण हे त्यानंही बघितलं नव्हतं.

सुदेश मागं सरकून जागेवर उभा राहिला. "वाजवा," म्हणाला. दोन पुढं, एक मागं, टाच. फेर आला. त्यानं आपला धडधाकट डावा पाय हवेतच आवरला आणि मागून हळूहळू ओढत आणला. ढवळूचा हात थांबला, थांबून राहिला, आणि पाय टेकला तशी थाप बरोबर पडली. ढवळूच्या डोळ्यांत पाणी आलं. वाजवता वाजवताच तो ओरडला, "सखे, सोंग तुझ्याच घरात हाय!"

सखीचं तिकडं लक्षच नव्हतं. सुदेश दुसरा फेर घ्यायला वळला, पाय ओढायला लागला, आणि ती जागेवरून अर्धी उठून म्हणाली, "जपून रं. दुखंल."